एक दौरा, दोन प्रवास

२६ जुलै २०२४ च्या संध्याकाळी पॅरिसमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, ते स्टेडियममध्ये नव्हे, तर सीन नदीवर. देशोदेशीचे खेळाडू बोटींत उभे राहून भर पावसात हात हलवत पुढे सरकत होते आणि दोन्ही काठांवर प्रेक्षकांची दाटी झाली होती. आपण ते दृश्य घरी बसून टीव्हीवर पाहिले. युरोपातल्या पैसेवाल्यांना मात्र असल्या गोष्टी नदीतूनच पाहण्याची हौस असते. एके काळी कोळसा आणि धान्य वाहणारे रुंद पडाव, ज्यांना बार्ज म्हणतात, त्यांची तिकडे तरंगती हॉटेले झाली आहेत. दिवसा एखादा मोठा सामना पाहायचा, संध्याकाळी बोटीवर परतून सावकाश जेवायचे आणि रात्री पाण्याच्या हेलकाव्यावर झोपी जायचे, अशा सहली तिथे निघतात. उन्हाळ्यात वर्धा नदीचे उघडे पडलेले पात्र पाहणाऱ्या धामणगावच्या माणसाला हे सारे परीकथेतले वाटले तर नवल नाही.

पण ही हौस आजची नाही. इंग्लंडात टेम्स नदीवर हेन्ली या गावी १८३९ पासून वल्हवण्याच्या शर्यती होतात. काठाला हाउसबोटी लावायच्या, त्या फुलांनी सजवायच्या आणि चहाफराळ करत शर्यत पाहायची, ही तिथल्या बड्या घराण्यांची जुनी चाल. ऑक्सफर्डच्या कॉलेजांचे तर स्वतःचे नक्षीदार बार्ज नदीकाठी उभे असत आणि त्यांच्या छतावरून पाहुणेमंडळी शर्यती पाहत. जूनमध्ये ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यती, जुलैच्या सुरुवातीला हेन्ली आणि मधूनमधून लॉर्ड्सवरचे क्रिकेट, असा उच्चभ्रूंचा उन्हाळा ठरलेला असे.

१९११ चा उन्हाळा त्यात आणखी खास होता. २२ जूनला लंडनमध्ये पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता. हिंदुस्थानातले राजेमहाराजे त्यासाठी लवाजम्यासह विलायतेला निघाले होते. त्याच उन्हाळ्यात हिंदुस्थानचा म्हणता येईल असा पहिला क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्याआधी १८८६ आणि १८८८ साली पारशांचे संघ जाऊन आले होते. पण पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख एका संघातून खेळायला निघाले, ते पहिल्यांदाच. संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग. वय अवघे १९. आणि संघाचा सर्वांत मोठा आधार होता पस्तिशीतला एक डावखुरा फिरकी गोलंदाज, जो पुण्याच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर झाडू मारून वर आला होता. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

दौरा एक होता, पण प्रवास दोन होते. त्यातल्या दुसऱ्या प्रवासाची ही हकीकत.

मैदान झाडणारा मुलगा

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे चर्मकार समाजाचे, मूळचे कोकणातल्या पालवण गावचे. आडनाव त्या गावावरूनच आलेले. वडील नोकरीनिमित्त पुण्यात होते आणि लष्कराच्या सावलीत हे कुटुंब वाढत होते. गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन ही पोरे क्रिकेट खेळायला शिकली. बाळू थोरला. त्याच्या पाठचे शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊही पुढे नामांकित खेळाडू झाले. एका घरातून एवढे क्रिकेटपटू निघावेत, हे त्या काळी कोणत्याही जातीत विरळाच होते.

शिक्षण जेमतेम झाले आणि बाळूला पोटासाठी कामाला लागावे लागले. पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवरून रूळ फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात आला. तिथे पगार चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, रेघा मारणे, सरावासाठी जाळ्या लावणे आणि टेनिसचे कोर्ट आखणे अशी कामे होती. साहेब लोकांना सरावाला गोलंदाज हवा असे. कोणीतरी या पोराच्या हाती चेंडू दिला आणि तो चेंडू हातातून सुटला की कसा वळतो, हे सगळ्यांच्या लक्षात आले.

क्लबातले सर्वांत नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूला गोलंदाजी करायला लावत. आपल्याला बाद केले की ग्रेग त्याला आठ आणे देत, अशी कथा पुण्यात प्रसिद्ध होती. कथा खरी असो वा रचलेली, हिशेब मात्र बोलका आहे: आठ वेळा साहेबाची दांडी उडवली की महिन्याचा पगार सुटला. शेकडो तासांच्या या सरावात बाळूचा हात तयार झाला. पण फलंदाजीला त्याला कधी कोणी बोलावले नाही. बॅट हा साहेबांचा मान होता. नोकराने चेंडू टाकायचा, एवढेच.

चेंडू चालतो, पेला चालत नाही

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांना रोज सतावणारा गोलंदाज गावातच होता. अडचण एवढीच की क्लबात बहुतेक ब्राह्मण आणि गोलंदाज अस्पृश्य. बराच खल झाला. शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या धाकापेक्षा वरचढ ठरली आणि बाळूला संघात घेतले.

मैदानावर सगळे एका चेंडूला हात लावत. तो चेंडू बाळूच्या हातातून यष्टिरक्षकाच्या हातात जाई, तिथून आणखी कोणाच्या, आणि कोणाचा धर्म बुडत नसे. चहाची वेळ झाली की मात्र सगळे बदले. इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा मिळे. बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला पान वेगळे, जागा वेगळी. तोंड धुवायचे तर पाणी घालायलाही त्यांच्याच समाजातला माणूस लागे.

आज हे वाचताना राग येतो. पण एक गोष्ट विसरू नये. बाळू त्या मातीच्या भांड्यातला चहा पिऊन परत मैदानात जात आणि त्याच संघासाठी बळी घेत. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला तेव्हा त्यांची धास्ती इतकी होती की यजमानांनी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टीतला जीव काढून टाकला. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. त्यानंतर त्यांचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भर सभेत सहकाऱ्यांना खडे बोल सुनावले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत का असावी. लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंचा हार घालून सत्कार केला. सुधारक आणि सनातनी यांची पुण्यात रोज जुंपत असताना दोन्हीकडच्या माणसांना एका गोलंदाजाने टाळ्या वाजवायला लावले.

त्यानंतर प्लेगने पुणे उजाड केले. त्या धामधुमीत बाळू मुंबईला गेले आणि बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरीला लागले. तिथल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश देण्यावरून पुन्हा कुरबुर झाली. पण कर्तबगारीपुढे विरोध टिकला नाही. मुंबईच्या हवेत पुण्याचे सोवळेही थोडे सैल झाले. जिमखान्यात पंगत हळूहळू एक झाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना मुंबईत झाला. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ संघात होते. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, तर गोऱ्यांना १९१ आणि १०२ मध्ये गुंडाळले. १०९ धावांचा विजय, आणि गोऱ्यांच्या दुसऱ्या डावाचे कंबरडे मोडणाऱ्यांत बाळू होते. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद तर मोठा होताच, पण सुधारकांच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवले. या दोन भावांना संघात आणि पंगतीत घेण्याचे धाडस केले नसते तर हा विजय मिळाला असता का, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

महाराजांचा दौरा, बाळूंचा दौरा

इंग्लंडला संघ पाठवायचे घाट याआधीही घातले गेले आणि हिंदू, पारशी, मुसलमान यांच्या जागांच्या वाटणीवरून फसले. अखेर १९११ साली जमले. राजेरजवाड्यांनी आणि मुंबईच्या धनिकांनी पैसा उभा केला. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कर्णधार महाराजा अशी निवड झाली. पाच हिंदूंमध्ये दोन पालवणकर, बाळू आणि शिवराम.

मे १९११ मध्ये मुंबईच्या बंदरातून प्रवास सुरू झाला. त्या काळी विलायतेची टपालाची आगबोट एडन गाठून तांबड्या समुद्रातून सुएझच्या कालव्यात शिरे आणि पोर्ट सैदवरून भूमध्य समुद्रात उतरे. दोन ते तीन आठवड्यांचा हा प्रवास पहिल्या वर्गाच्या उतारूंना विश्रांतीचा वाटे. डेकवर खुर्च्या टाकून वाचन, दोरीच्या कड्यांचे खेळ, जाळ्या बांधून डेकवरचे क्रिकेट आणि रात्री पोशाख करून मेजवानी. आजच्या बार्जवरच्या सहलीला नाक मुरडावे, असा तो थाट होता.

या समुद्रप्रवासाला आपल्याकडे आणखी एक अर्थ होता. समुद्र ओलांडला की जात बाटते आणि परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते, असे सोवळ्या मंडळींचे म्हणणे त्या काळीही संपले नव्हते. ज्यांना जन्मापासूनच बाटलेले ठरवले होते, त्यांना समुद्र ओलांडून काय गमवायचे होते? बाळूंच्या बाबतीत काळे पाणी हे बंधन नव्हते. ती मोकळी वाट होती.

इंग्लंडात पोहोचल्यावर दोन प्रवास वेगळे झाले. तरुण महाराजांपुढे राज्याभिषेकाचे सोहळे होते, दरबारी भेटीगाठी होत्या, मेजवान्या होत्या. ते मोजकेच सामने खेळले. त्यांचे चिटणीस केकी मिस्त्री हे संघातले सर्वांत पक्के फलंदाज, पण चाकरी महाराजांची असल्यामुळे तेही बहुतेक वेळ त्यांच्याबरोबर गुंतलेले. कर्णधार नाही आणि उत्तम फलंदाज नाही, अशा अवस्थेत उरलेला संघ आगगाडीने गावोगाव फिरत राहिला. तीन-तीन दिवसांचे सामने, मधे जेमतेम उसंत. त्या वर्षी इंग्लंडात उन्हाळाही कडक पडला होता. हरण्याची रांग लागली.

या रांगेत एक हात थकत नव्हता. खरे तर तो दुखत होता, खांदा भरून आला होता. पण चेंडू टाकायला दुसरे होते कोण? केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले. लॉर्ड्सवर, जिथे महाराज पाहुण्यांच्या नजरेत होते, तिथेही बळी घेण्याचे काम बाळूंचेच होते. मँचेस्टरला लँकेशायरविरुद्ध ते खेळले, हे वऱ्हाडच्या माणसाला विशेष वाटावे. धामणगाव, बडनेरा, अकोला या आपल्या स्थानकांवरून कापसाच्या गाठी मुंबईला आणि तिथून आगबोटीने ज्या मुलखातल्या गिरण्यांकडे गेल्या, तो हा लँकेशायर. गाठी त्या वाटेने पन्नास वर्षे जात होत्या. त्याच वाटेने आता या मातीतला एक माणूस गेला होता, आणि तो कोणाचा माल म्हणून गेला नव्हता.

जुलैत लेस्टरशायरचा पराभव करून संघाने पहिला मोठा विजय मिळवला. त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. मग सॉमरसेटविरुद्ध टाँटन येथे अटीतटीचा सामना झाला आणि तो एक गडी राखून जिंकला. शिवराम पालवणकर ११३ धावा काढून नाबाद राहिले. म्हणजे या दौऱ्यात मोठ्या संघांविरुद्ध जे दोन विजय मिळाले, त्या दोन्हींवर एकाच घराची मोहोर होती. सगळे मिळून २३ सामने झाले; ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. बाळूंनी ११४ बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे १९ पेक्षा कमी धावा दिल्या. त्यातले ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाने अशी कामगिरी करणे सोपे नसते. समोरच्या संघाला दुसरा डाव पुष्कळदा खेळावाच लागत नाही आणि मग बळी घ्यायचे तरी कोणाचे?

इंग्लंडात भेदभाव नव्हता असे मात्र समजू नये. तिथे पैशासाठी खेळणारा व्यावसायिक खेळाडू आणि हौसेने खेळणारा जंटलमन यांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या असत. अनेक मैदानांवर दोघे निरनिराळ्या फाटकांतून आत येत. ही वाटणी कागदोपत्री १९६२ पर्यंत टिकली. पण ती पैशाची आणि वर्गाची वाटणी होती. पैसा आला की एखादे वेळी ओलांडता येण्यासारखी. बाळूंच्या गावची वाटणी जन्माने ठरत होती आणि तिला फाटकच नव्हते.

महाराजांवर अन्यायही करू नये. त्यांच्या नावाशिवाय आणि पैशाशिवाय तो संघ बंदर सोडू शकला नसता. पुढेही भूपिंदरसिंगांनी भारतीय क्रिकेटला हात सैल सोडून मदत केली. रणजी करंडक त्यांनीच दिलेला. दोष एका माणसाचा नव्हता. खेळाच्या निमित्ताने मिळणारी मौज एकाच्या वाट्याला आणि खेळाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर, ही त्या काळाची सर्वमान्य व्यवस्था होती.

परतल्यावर

दौरा संपवून बाळू मुंबईला आले तेव्हा त्यांच्या समाजाने आणि इतर अस्पृश्य समाजांनी मिळून त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने बाळू हे एक जिवंत प्रमाण होते. संधी मिळाली तर आमचा माणूस कोणापेक्षाही कमी नाही, हे सांगायला त्या वेळी दुसरे नाव शोधावे लागत नव्हते.

मग स्वाभाविकच प्रश्न आला कर्णधारपदाचा. १९१२ पासून मुसलमानांचा संघही स्पर्धेत आला आणि मुंबईची चौरंगी स्पर्धा देशभर गाजू लागली. हिंदूंचा सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू म्हणजे बाळू. पण कर्णधार होत मुकुंदराव पै. पै स्वतः ब्राह्मण आणि मनाने मोठे. हा मान खरा बाळूंचा आहे, असे त्यांनी १९१३ साली आपल्याच सत्काराच्या सभेत जाहीरपणे सांगितले. टाळ्या पडल्या असतील. निर्णय बदलला नाही. चेंडू हाती देता येत होता, पेला देता येऊ लागला होता, पण हुकूम देण्याचा अधिकार अजून देववत नव्हता.

ठिणगी पडली १९२० साली. पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळले आणि कर्णधारपद विठ्ठल पालवणकरांना न देता पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे सोपवले. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याची कारणे वर्तमानपत्रांतून लोकांपुढे मांडली. आजच्या भाषेत तो बहिष्कार होता. फक्त नेहमी बहिष्कार सोसणाऱ्यांनी तो या वेळी दुसऱ्यांवर घातला होता. मुंबईचे लोकमत भावांच्या बाजूने उभे राहिले. अंतिम सामन्यासाठी त्यांना परत बोलावले, बाळूंना उपकर्णधार केले आणि पै सामन्यात काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, जेणेकरून संघाचे नेतृत्व बाळूंकडे यावे. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या गोलंदाजाने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस संघाला सूचना दिल्या, त्या अशा उसन्या तासांत.

पुरते दार उघडले ते धाकट्या भावासाठी. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. सवर्ण तरुणांनी त्यांना खांद्यावर घेतले. आपल्या नागपूरचे सी. के. नायडू १९१६ मध्ये याच हिंदू संघातून पुढे आले आणि १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले. बाळूंना कसोटी सामना मिळालाच नाही. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. ३३ प्रथम दर्जाचे सामने, १७९ बळी आणि बळीमागे सरासरी १५ धावा एवढा त्यांचा जमाखर्च.

वेगळी वाट

उतारवयात बाळू सार्वजनिक कामात आले. १९३२ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या मतदारसंघांवरून महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण मांडले. तेव्हा झालेल्या पुणे करारावर ज्यांनी सह्या केल्या, त्यांत बाळू होते. १९३५ साली डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंना पटली नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात बाळूंनाच उभे केले. ज्यांच्या सत्कारासाठी पंचवीस वर्षांपूर्वी धडपड केली, त्यांच्याशीच ही लढत. आंबेडकर १३,२४५ मते मिळवून निवडून आले. बाळूंना ११,२२५ मते पडली.

या पराभवाने बाळूंच्या नावावर एक पडदा पडला, तो बरीच वर्षे तसाच राहिला. आंबेडकरी चळवळीला ते दुसऱ्या बाजूचे वाटले. काँग्रेसला निवडणुकीनंतर त्यांची फारशी गरज उरली नाही. क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रणजी आणि नायडू यांच्यावर पाने भरली आणि मधल्या पानावरचे नाव ओलांडले. मातीच्या भांड्यातला चहा पिऊन ज्याने सवर्णांनाही जिंकून दिले, त्याला सलोख्याचा मार्ग जवळचा वाटला असेल, तर ते समजून घेता येते. महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांना पाण्यासाठी मार खावा लागला, त्यांना तो मार्ग पुरेसा वाटला नाही, हेही तितकेच समजण्यासारखे आहे. दोन्ही वाटा एकाच अपमानातून निघाल्या होत्या.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. धाकटे बंधू विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त मराठीत लिहून ठेवले, म्हणून या घराच्या कितीतरी गोष्टी हरवल्या नाहीत. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये आपल्या ग्रंथात बाळूंना मानाचे स्थान दिले आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या 'लगान' चित्रपटातला, चेंडू वळवणारा अस्पृश्य गोलंदाज पाहून पुष्कळांना बाळूंची आठवण झाली. घरातल्या मुलांना बाळू पालवणकर कोण हे सांगायचे असेल, तर त्या पात्रापासून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र तिथे थांबू नये. पडद्यावरचा गोलंदाज एक सामना खेळला. खरा बाळू तीस वर्षे खेळला.

बाळूंच्या मागून खेळासाठी समुद्र ओलांडणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि कबड्डीसारखे आपले देशी खेळ त्यांनी तिथे करून दाखवले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले. यांतले कोणीही मौजेसाठी निघालेले नव्हते. परत येऊन काही सिद्ध करायचे आहे, हे ओझे प्रत्येकाच्या सामानात होते.

आता आपल्याकडेही चार पैसे गाठीला असलेली कुटुंबे विश्वचषक पाहायला परदेशी जातात. मुलांना घेऊन लॉर्ड्सच्या पायऱ्यांवर फोटो काढतात, संध्याकाळी टेम्स नदीत बोटीतून फेरफटका मारतात. जावे, जरूर जावे. खेळ पाहण्याची मौज कोणा एका थरापुरती राहिली नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. फक्त त्या हिरव्या मैदानाकडे बोट दाखवून मुलांना एवढे सांगावे की, आपल्या मुलखातला एक माणूस १९११ च्या उन्हाळ्यात इथे आला होता. त्याचा कर्णधार मेजवानीला गेला होता, त्याचा खांदा दुखत होता, आणि तरीही तो दिवसभर चेंडू टाकत राहिला. घरी परतल्यावर त्याला कर्णधार करायचे की नाही, याचा निर्णय करायला त्याच्या माणसांना आणखी नऊ वर्षे लागली, आणि तोही अर्धवटच झाला.